टोटल लास

मोटारसायकलच्या विम्यातलं मला आता इतकं कळतं की आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, कुणाच्या गाडीला साधा ओरखडा आला तरी माणूस आधी माझ्या फाटकाशी येतो. मी खुर्ची देतो, चहा देतो, सर्व्हेअरशी काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही ते समजावून सांगतो. शेवटची सूचना मात्र उभं राहून देतो : विम्याबद्दल गावाकडच्या माणसाशी फोनवर बोलू नका, आणि बोलायचंच झालं तर आधी गॅरेजवाल्याला त्याचा कॉम्प्रेसर बंद करायला लावा. लोक हसतात. मी हसू देतो.

गाडी माझी नव्हती, वडिलांची होती. माझे वडील पुनाजी उईके. वनरक्षक म्हणून सगळी नोकरी बोर धरणाच्या जंगलात झाली. निवृत्त झाल्यावर मी त्यांना आणि मायला वर्ध्याला माझ्या घरी आणलं. मी एका कॉलेजच्या ऑफिसात वरिष्ठ लिपिक आहे, घराला गच्ची आहे, गच्चीवर टाकी आहे, अंगणात फरशी आहे. वडिलांनी त्या फरशीवर खुर्ची टाकून पेपर वाचत बसावं अशी माझी कल्पना. ते माझ्याकडे फक्त झोपायला येत. सकाळ झाली की मोटारसायकल काढायची आणि सेलूवरून हिंगणी गाठायची. तिथे त्यांचे धाकटे भाऊ, आमचे गुलाबकाका, घर आणि शेत सांभाळून आहेत. "रोज रोज काय काम असते बाबा तिथं?" असं विचारलं की म्हणायचे, "काम नाई. पाहून येतो." काय पाहून येतात ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी हिंगणीहून परतताना रोही आडवा आला. रोही म्हणजे नीलगाय. ज्यांनी तो फक्त चित्रात पाहिला आहे त्यांना तो हरणासारखा वाटतो. ज्यांना तो गाडीवर असताना भेटला आहे ते त्याची तुलना ट्रकशी करतात. गाडी पुलाच्या कठड्यावर गेली, वडील पुलाखाली गेले आणि रोही जिकडे निघाला होता तिकडे गेला. वडिलांच्या खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आला, तेव्हा चूक कोणाची या प्रश्नावर वडील म्हणाले, "रोही आपल्या रस्त्यानं चाललता. मीच आडवा आलतो." हवालदार भला माणूस होता. त्यानं ते लिहून घेतलं नाही, म्हणून आमचा क्लेम वाचला.

विमा फुल होता. याचं श्रेय माझं. आमच्या ऑफिसात अर्धे लोक पोलिसापुरता विमा काढतात. मी दरवर्षी मुदतीच्या आधी, सगळ्या कलमांसकट काढतो आणि पॉलिसीला प्लास्टिकचं कव्हर घालतो. त्यामुळे कार्तिकच्या गॅरेजमध्ये विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी पाहायला आला, तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून हजर होतो. सर्व्हेअरनं गाडीभोवती एक फेरी मारली, फोटो काढले, बुटाच्या टोकानं चाक हलवून पाहिलं आणि म्हणाला, "टोटल लॉस."

मी अर्थ विचारला. तो त्यानं सांगितला आणि तो नियम मी लगेच पाठ केला, कारण नियम पाठ करणं हा माझा पेशाच आहे. गाडीची ठरलेली किंमत असते. दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या पाऊण हिश्शाच्या वर गेला की कंपनी दुरुस्ती करत नाही. गाडी संपली असं धरतात. मालकाला हवं तर भंगार स्वतःकडे ठेवता येतं, पण आरसी परिवहन कार्यालयात जमा करायची आणि गाडीचं नाव रजिस्टरमधून काढून टाकायचं. शिवाय चेसिस नंबरचा पत्रा कापून तो तुकडा ऑफिसात दाखवायचा, म्हणजे मेलेल्या गाडीचा नंबर दुसऱ्या कुणी लावून फिरू नये.

सर्व्हेअर गेला आणि तेवढ्यात गुलाबकाकांचा हिंगणीहून फोन आला. शेजारी कॉम्प्रेसर धडधडत होता.

"हेमराज, दादाची काय खबर?" काकांनी विचारलं. मला ऐकू आलं, गाडीची काय खबर.

"टोटल लॉस!" मी ओरडलो.

"काय?"

"टोटल लॉस, काका! आताच सर्व्हेअर पाहून गेले."

"सर पाहून गेले? अरे, काल तं बरं होतं न?"

"वरून तसं दिसते. आतून सारं मोडलं. आता पैसा टाकून काही फायदा नाई म्हणते."

काका बारीक आवाजात म्हणाले, "आता पुढं?"

"पुढं काय, इथून लवकर उचला म्हणते. त्यायले जागा लागते."

"आमी येतो. तू घाबरू नोको."

"अन् काका, एक तुकडा कापून द्या लागते."

"कापाबी लागते?"

"नियमच हाय तो. त्याच्याशिवाय नाव कटत नाई."

"बडादेवा!" काका म्हणाले आणि फोन तुटला. हिंगणीत रेंज अशीच येते-जाते. काकांचा दादाच्या गाडीवर इतका जीव असेल असं मला वाटलं नव्हतं. मला भरून आलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हिंदीतली लाश आमच्याकडे मराठीत राहायला आली आणि तिचा श गळून स झाला. गावाकडे प्रेताला लास म्हणतात. मी जन्मानं तिथलाच, मला हे माहीत होतं. पण वरिष्ठ लिपिक झाल्यापासून मी हा शब्द वापरला नव्हता.

संध्याकाळी मी गॅरेजमधून घरी आलो तर फाटकाशी दोन मालवाहू गाड्या उभ्या होत्या आणि अंगणातल्या त्या फरशीवर हिंगणीच्या बाया बसून रडत होत्या. चंचल, माझी बायको, त्यांच्या मधोमध होती. ती दवाखान्यात न्यायचा डबा भरत होती, बायांनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, "आता कोणासाठी, माय?" मग तीही रडायला लागली. बातमी माझ्याकडून आली आहे म्हटल्यावर तिनं एका शब्दानं शंका घेतली नाही. लग्नानंतर माझ्यावर तिनं असा विश्वास ठेवल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

शेजारचे लक्ष्मणराव भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेले. ते मला विम्याविषयी मार्गदर्शन करायला आले होते. रडणं ऐकून त्यांनी खिशातला रुमाल डोक्याला बांधला आणि लेआउटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वडिलांचा फोटो टाकला. फोटो आमच्या वास्तुशांतीतला होता, वडिलांच्या हातात जिलेबी होती. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली. ती कॉलेजच्या ग्रुपपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसनं दोन मिनिटं उभं राहून मौन पाळलं आणि सगळे घरी गेले, हे मला नंतर कळलं.

मला त्या क्षणी एवढंच कळलं की मी गॅरेजात असताना बाबा गेले. पायऱ्यांवर बसलो आणि रडलो. खोटं कशाला सांगू, तोंडावर हात धरून, लहानपणी रडायचो तसा रडलो. गुलाबकाका जवळ येऊन बसले आणि माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "रडू नोको बाबू. फोनवर तं किती हिमतीनं सांगतलं तू."

"मी?"

"मंग कोण? सर पाहून गेले, आतून सारं मोडलं, तूच तं सांगतलं. टोटल लास."

मी उठून उभा राहिलो. "लॉस, काका! लॉस!"

"तेच तं," काका म्हणाले. "लास."

समजावून सांगायला बराच वेळ लागला. पटल्यावर कुणी रागावलं नाही, फक्त रडणं बंद करायचं कसं हे कुणाला सुचेना. बाया एकमेकींकडे पाहून डोळे पुसत होत्या. लक्ष्मणरावांनी डोक्याचा रुमाल सोडला, घडी केली आणि म्हणाले, "असू द्या. मरणाची खोटी बातमी आली म्हणजे माणसाचं आयुष्य वाढतं." मला ते त्या वेळी बरं वाटलं. आता तोच माणूस दिसला की मी दुसऱ्या बाजूनं जातो.

इतकी माणसं इतक्या लांबून आली होती, ती भेटल्याशिवाय कशी जातील? सगळे दवाखान्यात गेलो. वडील खाटेवर, पायाला वजन बांधलेलं, माय उशाशी. एवढी गर्दी आत येताना पाहून वडिलांनी मान उचलली.

"आले काय सारे? कोण मेलं?"

काका म्हणाले, "तू, दादा."

वडील हसले. हसल्यानं खुब्यात कळ गेली म्हणून थांबले. मग सगळी हकिकत ऐकून पुन्हा हसले. मायला मात्र हसू आलं नाही. तिनं मला नावानं हाक मारून विचारलं, "एवढी शाळा शिकला, तुले बापाची खबर साधी सांगता येत नाई?" आमच्या मायला माझ्या पदाविषयी कधीच फार आदर नव्हता.

इथे हे संपायला हवं होतं. पण काका चुळबुळत उभे होते. ते म्हणाले, "खड्डा खणून झाला न, दादा."

आमच्या घराण्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. फोन तुटल्यावर हिंगणीच्या पोरांनी मोहाच्या झाडाजवळ, आजोबांच्या शेजारी, वडिलांसाठी खड्डा खणून टाकला होता. आणि गावातल्या जुन्या माणसांचं म्हणणं असं की माणसासाठी खणलेला खड्डा रिकामा बुजवत नाहीत. त्यात काही ना काही जायला लागतं.

"कोरडं खोड टाका एखादं," मी म्हटलं.

"खोडासाठी नाई खणला न," काका म्हणाले.

सगळे परत गेल्यावर वडिलांनी मला जवळ बसवलं. "हे टोटल लास काय असते, नीट सांग." आणि मी सांगितलं. किंमत, पाऊण हिस्सा, नाव कटणं, सगळं. कुणी नियम विचारला की मला राहवत नाही. वडील लक्ष देऊन ऐकत होते. मला वाटलं, माझ्या ज्ञानाचं त्यांना कौतुक वाटतंय.

"मंग माह्या खुब्याचंबी तेच," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर ऑपरेशनच्या संमतीचा कागद घेऊन आले, तेव्हा वडिलांनी सही करायला नकार दिला. डॉक्टरांनी सांगून पाहिलं : खुबा बसवला तर माणूस उठून चालतो, नाही बसवला तर खाटेवर पडून राहतो, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, आणि उशीर होईल तितकं हे सगळं लवकर येतं. वडील म्हणाले, "साहेब, पुरानी गाडी हाय. किमतीपेक्षा दुरुस्ती जादा झाली की नाव काटा लागते. माह्या पोराले विचारा, त्याले सारे नियम मालूम हायत. अन् खड्डाबी तयार हाय." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी इतका लाजलो नव्हतो कधी, आणि इतका घाबरलोही नव्हतो.

मायनं बोलणं टाकलं. चंचल रडली. मी वाद घातला, विनवण्या केल्या, शेवटी ओरडलो, "टोटल लॉस गाडीबी दुरुस्त होते बाबा! करणाऱ्यानं करायले पायजे!"

"मंग करून दाखव," वडील म्हणाले. खिडकीकडे बोट केलं. खिडकीखाली दवाखान्याचं गाड्या लावायचं शेड होतं. "तिथं आणून चालू कर. माह्या गाडीचा आवाज इथं आला की सही देतो."

माणसं वडिलांच्या जिवासाठी नवस बोलतात, डॉक्टरांच्या पाया पडतात. मी स्पार्क प्लग आणायला गेलो.

कार्तिक मिस्त्री उत्साही माणूस. त्याच्या तोंडात नाही हा शब्द नाही, म्हणून त्याच्या गॅरेजमध्ये अर्धवट उघडलेल्या बऱ्याच गाड्या आहेत. "होऊन जाते साहेब," तो म्हणाला. चिरलेल्या चेसिसला वेल्डिंग केलं. हँडल एका गाडीचं, हेडलाइट दुसरीचा, सीट कुठली ते मी विचारलं नाही. रोज संध्याकाळी मी विचारायचो आणि रोज तो म्हणायचा, "उद्या किक मारू." तिकडे वडिलांना खोकला लागला. डॉक्टर रोज एकच प्रश्न विचारत, "काय ठरलं?" आणि मी त्यांना सांगू शकत नव्हतो की कार्ब्युरेटर यायचा आहे.

दरम्यान लक्ष्मणरावांनी एक मुद्दा काढला. "आरसी जमा करू नका. आरसी आहे तोवर गाडी कायद्यानं जिवंत." मुद्दा बरोबर होता. पण मी आरसी सर्व्हेअर येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रीतसर अर्जासह, जमा केली होती. नियमात मुदत दिलेली असते आणि मुदतीच्या आत काम करणं मला जमतं. परिवहन कार्यालयातला बाबू म्हणाला होता की मुदतीत आरसी आणणारा माणूस त्यानं पहिल्यांदा पाहिला, आणि मी ते घरी सांगितलंही होतं. आता त्याच खिडकीशी परत गेलो.

"आरसी परत मिळेल का?"

"कशाला?"

"गाडी दुरुस्त होते आहे."

त्यानं संगणकात पाहिलं. "तिचं नाव कटलं. फक्त तुमचा नंबरचा तुकडा यायचा बाकी आहे."

"पण ती जिवंत होते आहे."

तो लिपिक, मीही लिपिक. त्यानं मला हडतहुडत केलं नाही. सगळे फॉर्म ठेवलेल्या कपाटाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मेलेली गाडी जिवंत करायचा अर्ज नाही हो आपल्याकडे." मी त्याच्या जागी असतो तर हेच सांगितलं असतं.

शेवटी एका सकाळी गाडी सुरू झाली. कार्तिकनं तिला हातगाडीवर घालून दवाखान्याच्या शेडमध्ये आणली. मी वर वॉर्डात वडिलांपाशी उभा राहिलो, खिडकीतून हात केला, कार्तिकनं किक मारली. गाडी धडधडली. हॉर्न आपोआप वाजला आणि बंद होईना. चौकीदार धावत आला. मी वडिलांकडे वळलो. ते डोळे मिटून ऐकत होते.

"हे माही गाडी नाई," ते म्हणाले.

"बाबा, तीच हाय!"

"सायलेन्सर दुसऱ्याचा हाय. माह्या गाडीच्या आवाजात मधी एक ठोका चुकते. हे सरळ चालून राह्यली."

खाली जाऊन विचारलं. कार्तिक म्हणाला, जुना सायलेन्सर चेपला होता, भंगारात दिला. मला तिथेच, त्या हॉर्नच्या आवाजात, बसावंसं वाटलं. पण बसून चालणार नव्हतं. भंगारवाल्याकडे गेलो. अख्ख्या वर्ध्यातले सायलेन्सर तिथे एका ढिगात पडले होते आणि माझ्या इस्त्रीच्या शर्टानं मी तो ढीग उपसला. बापाच्या गाडीचा सायलेन्सर ओळखायचा कसा हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या गाडीवर मागे बसून मी शाळेत गेलो होतो ती गाडी वेगळी होती, या गाडीवर मी कधी बसलोच नव्हतो. चंचलला फोन केला. ती म्हणाली, "खाली डांबर लागलं हाय पाहा. बाबा नवीन रस्त्यावरून आलते तेव्हाचं. मीच घासत होती, निघालं नाई." डांबरावरून तो सापडला.

कार्तिकनं गाडी परत गॅरेजात नेली होती. तिथे त्यानं तो ठोकून सरळ केला, बसवला. आता हातगाडी दुसरीकडे भाड्यानं गेली होती आणि वडिलांचा खोकला वाढला होता. मी थांबलो नाही. गाडीवर बसलो आणि निघालो. चौकात वाहतूक पोलिसानं हात केला. त्यानं नंबर मशीनमध्ये घातला, मशीनकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, ही गाडी नाही."

"म्हणजे?"

"रद्द झाली. रेकॉर्डला ही गाडी रस्त्यावर असूच शकत नाही."

"मग मी कशावर बसलोय?"

"तेच विचारतोय मी." तो उर्मट नव्हता. त्यालाही पेच पडला होता.

मी त्याला सगळं सांगितलं. खुबा, सही, आवाज, मधला चुकणारा ठोका. मागे हॉर्न वाजत होते, या खेपेला दुसऱ्यांचे. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चालवू देता येणार नाही. पण ढकलत नेली तर मी गाडी पाहिली नाही, लोखंड पाहिलं." मग मी तिथून दवाखान्यापर्यंत ते लोखंड ढकलत नेलं. वाटेत कॉलेजचे दोन प्राध्यापक भेटले. त्यांनी स्कूटर थांबवून वडिलांच्या निधनाबद्दल माझं सांत्वन केलं. मी धाप लागल्यानं काही बोललो नाही. त्यांना वाटलं मला दुःख अनावर झालं आहे, आणि ते तितकंसं खोटं नव्हतं.

शेडमध्ये गाडी उभी केली. किक मारली. पहिली गेली, दुसरी गेली. मग ती सुरू झाली आणि मला पहिल्यांदा ऐकू आलं. खरंच मध्ये एक ठोका चुकत होता. मी वर पाहिलं. खिडकीत माय उभी होती. तिनं हात वर केला आणि पेन धरल्यासारखी बोटं हलवली.

वर गेलो तेव्हा सही झाली होती. वडील म्हणाले, "आता तिले गावाले पाठव. खड्ड्यात टाका."

"बाबा! आताच तं चालू केली!"

"म्हणूनच. मेलेलं कायले टाकाचं, थे तं लोक खोडबी टाकते. दोघांतून एकाले जाच लागन. तिचं नाव कटलं, माहं हाय अजून." मग माझ्या घामेजल्या शर्टाकडे पाहून म्हणाले, "चांगली केली तू. बढिया केली." वडिलांनी मला असं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. मी गाडीसाठी भांडलो नाही.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा गुलाबकाका गाडी घेऊन गेले. कार्तिकनं त्याआधी नंबरचा तुकडा कापून घेतला, तो मी परिवहन कार्यालयात दिला. बाकीची हिंगणीत मोहाच्या झाडाजवळ मातीत गेली. काकांनी सांगितलं की वर मूठ मूठ माती सगळ्यांनी टाकली आणि एक म्हातारी रडलीसुद्धा.

ऑपरेशन चांगलं झालं. वडील घरी आले, वॉकर धरून अंगणातल्या फरशीवर चालायला लागले. फाटकापर्यंत जायचे, फाटक धरून थांबायचे. एकदा मी शेजारी उभा राहिलो आणि शेवटी विचारलं, "बाबा, हिंगणीले काय पाहून येत होते तुमी?"

"झाडं," ते म्हणाले. "नोकरीत रस्त्याच्या कडंनं लावलती मी. कोणतं हाय, कोणतं तोडलं, थे पाहून येतो. आता तू पाहून येजो." मी हो म्हटलं. येत्या रविवारी जातो म्हटलं.

पण छातीतला कफ गेला नव्हता. ऑपरेशनला उशीर झाला होता, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पुन्हा सांगितलं नाही. एक दिवस दुपारी जेवण झाल्यावर वडील खुर्चीत बसले आणि मायनं पाणी आणलं तोवर गेले.

लेआउटच्या ग्रुपवर चंचलनं कळवलं, तर कुणी तरी खाली लिहिलं, 'जुनी बातमी आहे, कृपया पुढे पाठवू नये.' ऑफिसात रजेचा अर्ज दिला तर साहेबांनी फार सौम्यपणे विचारलं, "उईके, वडील एकच ना?" पण हे सगळं नंतरचं. पहिला फोन मी गुलाबकाकांना लावला होता. घरात कॉम्प्रेसर नव्हता. रेंज पूर्ण होती. मी काका म्हटलं आणि पुढे काही बोलताच येईना.

काकांना कळलं असणार. तरी त्यांनी विचारलं, "हेमराज, नीट सांग. लॉस का लास?"

"लास, काका."

ते म्हणाले, "मी कोणाले सांगत नाई. खणत नाई. आधी येऊन पाहातो."

ते एकटेच एसटीनं आले. सरळ आत गेले. वडिलांच्या शेजारी बसले, चादर बाजूला केली, हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. कपाळाला हात लावून पाहिला. नाकाशी बोट धरून पाहिलं. एकदा हाकही मारली, "दादा." मग चादर नीट केली, अंगणात गेले, फाटक धरून उभे राहिले आणि हिंगणीला फोन लावला.

"खणा," ते म्हणाले. "गाडीच्या बाजूले."